मनीषाताईशिवाय लावलेला शो

मनीषाताईला स्मशानात पोचवून आलो आणि तिसऱ्या दिवशी मी शो लावला.

घरचे म्हणाले, "लाज वाटते का जराशी?"

वाटली. पण शनिवार होता, आणि ताईने शनिवार कधी चुकवला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची मनीषाताई रोह्याशेजारच्या अष्टमी गावची. रिटायर्ड शिक्षिका. पेणपासून रोह्यापर्यंत खाडीकाठच्या गावांत पर्यावरणाच्या डॉक्युमेंटरी फुकट दाखवायची. प्रोजेक्टर तिचा, ड्रायव्हर मी, पडदा म्हणजे तिच्या घरची डबलबेडची चादर.

फिल्म बहुतेक इंग्लिश. ताई आवाज बंद करून माईकवर स्वतः बोलायची. परदेशातला कुणी म्हातारा दिसला की "ह्यो आपला पांडूतात्या!" तिथला समुद्र म्हणजे आपली खाडी.

मी चिडायचो. "ताई, फॅक्ट्सची वाट लावतेस तू."

"गप रे. आधी आपलं वाटू दे त्यांना."

एकदा कासूकडच्या एका गावात फिल्म दाखवली. बांध फुटतो, भातात खारं पाणी शिरतं.

सकाळी अख्खं गाव फावडी-घमेली घेऊन खाडीच्या बांधावर! मला फोन. "काल दावलास तो बांध कनचा रं? आमाला तर घावत नाय!"

तो बांध सातासमुद्रापलीकडचा. मी कपाळावर हात मारला.

पण आलोच आहोत तर म्हणून त्यांनी खेकड्यांची बिळं बुजवली, माती टाकली. पुढच्या उधाणात बांध टिकला. ताई हसून हसून बेजार.

गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता गेली. हार्ट अटॅक.

शनिवारी त्याच गावात, देवळासमोर, मी माईक हातात घेतला. "या देशाच्या किनारपट्टीवर..." असं काहीतरी पुस्तकी बोलायला लागलो.

एकाने विचारलं, "कनचा देश?"

मी सांगितला.

"मंग तिकडचं हाय. आपलं नाय."

रागाने नाही म्हणाला. पण उठला, आणि त्याच्यामागे एकेक जण उठत गेला.

यंदा त्या बांधाला कुणी हात लावलेला नाही. ज्याला त्याला कंपनीची शिफ्ट. ताईच्या शोलाच काय ती माणसं जमायची, आणि तिथेच बांधाच्या कामाचा दिवस ठरायचा. आता कुठे ठरणार? मला भीती वाटते. खरंच खूप भीती वाटते.

शेवटी गावातल्या यमुनाआजी एकट्या उरल्या. भिंतीला टेकून, पडद्याकडे बघत.

मी म्हटलं, "आजी, ताई गेली. माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय रं बाला. म्हनून तर बसलंय. आता आमचं आमाला कोन सांगल?"

तिथेच पायरीवर बसून रडलो.

तुमच्यापैकी कुणाला त्यांच्या बोलीत बोलता येत असेल तर शोला माईक धरायला या. हात जोडतो. मला जमत नाही.

ताई, तुला शेवटचा नमस्कार.