वालावलकरांचा वन्स मोअर

दत्तप्रसाद वालावलकरांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, आणि दुबईतल्या मराठी मंडळाच्या नाटकात एकदा मिळालेलं पोस्टमनचं कामही पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेलं होतं. त्यांना येत होता तो वन्स मोअर. जबल अली बंदरातल्या एका गोदामात ते सुपरवायझर होते. आठवडाभर कंटेनरांवर डोळे फोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर रुमाल टाकायचे. पद संपत आलं की ते खुर्चीत पुढे सरकत. शेवटचा सूर हवेत असताना, टाळ्या सुरू व्हायच्या आत, बेंबीच्या देठापासून वन्स मोअर निघे. टाळ्यांनंतर दिलेला वन्स मोअर त्यांच्या मते शिळा. पुण्याहून आलेले एक बुवा जाताना म्हणाले होते, की इतका सुरातला वन्स मोअर आपल्याला पुण्यातही मिळत नाही. हे वाक्य वालावलकरांनी पुढे अनेकांना ऐकवलं. काहींनी मागणी केलेली नसतानाही दुसऱ्यांदा ऐकवलं.

प्रत्येक वन्स मोअरला त्यांच्या दंडावर एक चिमटा बसे. तो त्यांच्या पत्नीचा, छायाबाईंचा. बाई एका बँकेत होत्या, आणि चारचौघांत आवाज चढवणारा माणूस त्यांना कर्ज बुडवणाऱ्याच्या पंक्तीतला वाटे.

खरी पंचाईत झाली ती मुलीच्या शाळेत. स्नेहसंमेलनात अस्मीने एकटीने इंग्रजी गाणं म्हटलं, आणि वालावलकरांनी सवयीने वन्स मोअर दिला. मुख्याध्यापिकांना वाटलं, मागे कोणाला तरी काही झालं. अस्मीला पुढे वर्षभर वर्गात वन्स मोअर याच नावाने हाक मारत. तेव्हापासून शाळेच्या कार्यक्रमांच्या तारखा घरात बाबांना वगळून ठरू लागल्या.

म्हणून नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात, फुजैराच्या कंट्री म्युझिक महोत्सवात अस्मी गिटार घेऊन गाणार असं कळलं, तेव्हा वालावलकरांनी पेपराचं पान उलटलं. परवानगी मागणाऱ्याला नकार मिळतो, हे ते कंपनीत शिकले होते. चौथ्या दिवशी अस्मी आपणहून समोर आली. चौदा वर्षांची होती, मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत द्यायची.

"बाबा, यू कॅन कम. बट इफ यू से इट, नेव्हर अगेन. नॉट इव्हन माय वेडिंग."

काय म्हणायचं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. लग्नाचा उल्लेख मात्र लागला.

कंट्री म्युझिक म्हणजे काय, याची चौकशी त्यांनी गोदामातल्या तय्यबकडे केली. तो पेशावरचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. "घोडेवालों का गाना है साब," तय्यब म्हणाला, "बीवी भाग जाती है, कुत्ता रह जाता है." वालावलकरांना हे आपल्या संगीत नाटकांहून फारसं वेगळं वाटलं नाही. कुत्रा तेवढा नवीन होता.

शुक्रवारी ते मसाफीच्या डोंगरांतून गाडी हाकत फुजैराला पोचले. समुद्राकाठच्या हॉटेलच्या हिरवळीवर महोत्सव होता. गवताचे भारे मांडले होते. ते उंटांच्या एका फार्मवरून आणले होते, आणि तसा वासही येत होता. निम्मे प्रेक्षक बंदरावरचे गोरे, निम्मे हॅट घातलेले गोवेकर. अस्मीची संगीत शिक्षिकाही गोव्याचीच. तिनेच हिला इथवर आणलं होतं. वालावलकरांनीही एक हॅट उचलून पाहिली, मनातल्या मनात तिच्या किमतीचे रुपये केले आणि परत ठेवली. मग तिसऱ्या रांगेत कडेच्या भाऱ्यावर रुमाल टाकला.

"इथे कोण पळवणार आहे गवत," छायाबाई म्हणाल्या.

अस्मी मंचावर आली. गाणं होतं रेल्वे स्टेशनवर कोणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं, आणि ते गाणारी मुलगी वाढली होती अशा देशात जिथे रेल्वेच नव्हती. तरीही दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज एका जागी असा काही थांबला, की मक्याचं कणीस खाणारा एक गोवेकर खायचा थांबला. वालावलकर नकळत पुढे सरकले. शेवटची ओळ आली. त्यांनी रुमाल उचलून तोंडात कोंबला. सूर हवेत राहिला होता. असा मोका मंडळात वर्षातून एखादाच येई. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वन्स मोअर."

वेळ अचूक होती, पट्टी जरा वरची. हा जाणकार कोण, म्हणून वालावलकर ताडकन उठून बघू लागले. आसपास जाणकार कोणी दिसेना. शेजारी छायाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

स्पीकरच्या घरघरीत आवाज कोणाचा ते मंचावर कळलं नव्हतं, शब्द तेवढे कळले होते. अस्मीने पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत बाबा उभे होते. तिच्या तोंडावर नॉट इव्हन माय वेडिंग स्पष्ट लिहिलेलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरला ही पद्धत ठाऊक नव्हती. त्याने घड्याळ पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, व्हाय नॉट. अस्मीचं तयार असं एकच गाणं होतं. ते तिने पुन्हा म्हटलं, या खेपेला संतापून, आणि जास्त चांगलं. गोवेकरांनी हॅटा उडवल्या.

परतीच्या वाटेवर डोंगर संपेपर्यंत मागच्या सीटवरून इंग्रजीत हजेरी चालू होती. वालावलकर ती गाडी चालवत ऐकून घेत होते. मध्येच छायाबाईंनी घसा खाकरला. "अस्मी, अगं ते..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि थांबल्या, त्यांच्या दंडाला चिमटा बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उलट दिशेने.

मसाफीला अस्मी पाण्याची बाटली आणायला उतरली, तेव्हा बाईंनी विचारलं, "का सांगू दिलं नाहीत?"

"आपल्यापैकी एकाला तरी तिने आत सोडायला हवं," वालावलकर म्हणाले. मग म्हणाले, "वेळ बरोबर साधलीस. पट्टी मात्र उतरव."

महिन्याभराने दुबईत अस्मीचा दुसरा कार्यक्रम झाला. अस्मीच्या शब्दाप्रमाणे वालावलकर घरी राहिले. भात लावला, बातम्या पाहिल्या, कुकरच्या शिट्ट्या तीनच्या पाच केल्या. दार उघडलं तेव्हा अस्मी सरळ आपल्या खोलीत गेली. जाता जाता तिने बाबांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी ओशाळल्यासारखी दिसत होती. मागून छायाबाई आल्या, चपला काढून रॅकवर नीट ठेवल्या.

"कसं झालं गाणं?" वालावलकरांनी विचारलं.

"बरं झालं," छायाबाई म्हणाल्या. "दोनदा म्हणाली."