आरूच्या ओळीतले तीन आकडे

आधी सुनंदाताईंचं नाव घेते. त्याशिवाय पुढचं सांगायला मला तोंड नाही. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईच्या हातात वजनकाटा कुणी दिला असता? त्यांनी दिला. दशांशाचा ठिपका कुठं द्यायचा, हे त्यांनी मला धाराशिवकडच्या वाशीच्या एसटी स्टँडवर, बाकड्यावर बसून, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर शिकवलं. आज घरापासून इतक्या लांब, हैदराबादला, ज्या दवाखान्यात मी लहान लेकरांच्या वॉर्डात काम करते, ते कामही त्यांच्याच चिठ्ठीनं मिळालं. एवढं मी सगळ्यांना सांगते, कौतुकानं सांगते. पण त्याच्या खाली जे आहे — ते नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी तेवढं वगळून पुढं जाते. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणूनही असेल.

माझं माहेर जळकोटचं. आठवी झाली आणि शाळा थांबली — भांडण नाही, रडारड नाही. जून आला आणि घरात कुणी दप्तराचा विषयच काढला नाही. पुढं लग्न होऊन वाशीकडच्या एका गावात आले. त्या भागात तेव्हा लेकरांच्या वाढीचा एक अभ्यास सुरू झाला होता. जन्मल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक लेकराचं दर महिन्याला वजन घ्यायचं. सहाव्या महिन्यापासून अधूनमधून लांबी मोजायची. आईला विचारायचं — काय पाजलं, काय भरवलं, ताप-जुलाब झाले का. लेकरं नेमकी कुठल्या महिन्यात मागं पडतात आणि का, हे मोठ्या डॉक्टरांना त्यातून शोधायचं होतं. आणि मधेच एखाद्याचं वजन घसरलं, तर त्याला वाट न बघता धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं, असा नियम होता. हा नियम ध्यानात ठेवा.

गावात आम्हाला 'वजनवाल्या' म्हणायचे. आम्ही पाचजणी. बाकीच्या चौघी बारावी, बी.ए. झालेल्या, त्यांच्या पर्समध्ये दोन-दोन पेनं असायची. सुनंदाताई आमच्या वरच्या. प्रत्येकीकडं आपापला काटा — गोल तबकडीचा, वर आढ्याला अडकवायचा, खाली झोळीत लेकरू. रोज सकाळी निघायच्या आधी त्याला दोन किलोचं माप लावून बघायचं. काटा बरोबर दोनवर थांबला, की रजिस्टरात तसं लिहायचं. आठवड्याला सुनंदाताई तपासून त्याखाली सही करायच्या.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "बायांनो, लेकरू गावाला गेलं, झोपलं, घरच्यांनी नाही म्हटलं — तर 'मोजलं नाही' असं लिहा. मोकळी चौकट मला चालते. खोटी भरलेली चालणार नाही."

कळलं होतं मला. सगळ्यांत चांगलं मलाच कळलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मी मूळची भित्री. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी. त्यामुळं आकडाही तीनदा बघायची. आधी अंगणात उभ्या उभ्या माझ्या छोट्या वहीत लिहायचं, मग घरी दिव्याला हात जोडून चांगल्या अक्षरात फॉर्मवर उतरवायचं. चार महिने झाले तेव्हा सुनंदाताई सगळ्यांसमोर बोलल्या, "शालनचे फॉर्म बघा. एक चौकट रिकामी नाही." त्या बी.ए.वाल्या पोरी माझ्याकडं वळून बघायला लागल्या. तुमच्याकडं कधी असं कुणी वळून बघितलंय? माझ्याकडं तोपर्यंत नव्हतं.

तिथंच बिघडलं. ताईंनी कौतुक केलं ते मेहनतीचं. मी मात्र ते भरलेल्या चौकटींचं धरलं.

आता आरूकडं येते. नाव आराध्या, घरात आरू. आई पूजा — विशीतली, हसरी. आजी गयाबाई — घरात तिचाच शब्द. आरू सहा महिन्यांची झाली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरी लांबी मोजायची फळी घेऊन गेले. फळीवर लेकराला उताणं झोपवायचं, एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं पाय सरळ करून तळव्याला पट्टी टेकवायची. वजन आधी झालं. सहा किलो चारशे. मग मी फळी उघडली आणि गयाबाईनं नातीला झोळीतूनच उचलून छातीशी धरलं.

"जित्या लेकराला फळीवर उताणं टाकती व्हय गं? डोस्क्यापासनं पायापतोर माप कवा घेत्यात, ठावं हाय का तुला?"

माहीत होतं. आमच्याकडंही माणूस गेल्यावरच तसं झोपवतात. मी काहीबाही बोलले — सरकारी काम, डॉक्टरांनी सांगितलंय. आणखीच चिडली ती. दार लावलं. पुढच्या महिन्यात मी नुसता काटा घेऊन गेले, फळी नेलीच नाही, तरी दार अर्धंच उघडलं. "तुझा काटा बी नगं अन् तू बी नगं. चहा पिऊन जा."

चहा प्यायले मी. ओट्यावर बसून. पूजानं आतून लेकरू दाखवलं, पदराखालचं, नुसतं तोंड दिसलं. घरी आले. फॉर्म पुढं घेतला. आरूची ओळ मोकळी. 'मोजलं नाही' — दोनच शब्द होते हो! ते लिहायला पेन टेकवलंसुद्धा. आणि मग वाटलं, शालनच्या फॉर्मात मोकळी चौकट? चांगलं बाळ दर महिन्याला साधारण किती वाढतं, ते एव्हाना मला पाठ होतं. मी सहा किलो सहाशे लिहिलं.

पुढच्या महिन्यात परत नकार, आणि मी लिहिलं सहा किलो सातशे पन्नास. त्याच्या पुढच्या महिन्यात नऊशे. एकदा सोपं झालं, की किती सोपं होतं! पूजा एकदा विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "शालनताई, जुलाब लागल्यात तिला. थांबत्यात, परत लागत्यात." मी म्हणाले, दात येत असतील.

दात येत असतील! कागदावर तर ती वाढत होती. माझ्याच हातानं वाढत होती. म्हणून तर धाराशिवच्या त्या नियमानं तिला धरलं नाही. तो नियम आकडा घसरायची वाट बघत होता, आणि मी आकडा घसरू दिला नाही.

आरूच्या दहाव्या महिन्यात सुनंदाताई आल्या. त्या अधूनमधून कुठलीही चार घरं निवडून आम्ही मोजलेली लेकरं पुन्हा मोजायच्या. त्यांनी आरूचं घर निवडलं. मी सोबत होते. मनात म्हणत होते — आजी दार उघडणार नाही, बरं होईल.

उघडलं. सुनंदाताईंनी फळीचं नावच काढलं नाही. आधी आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाल्या, "मावशी, कुंकू आहे का घरात?" फळी जमिनीवर मांडली. "लेकराला पाटावर बसवताना आपण पाटाला कुंकू लावतो ना? याला लावा तुमच्या हातानं. आणि डोकं तुम्हीच धरा, आमच्या पोरींना तुमच्यासारखं जमत नाही." गयाबाईनं फळीला हात लावून बघितला. "लई गोड बोलती गं बया तू," म्हणाली, आणि करंडा आणायला आत गेली.

एवढंच होतं ते. कुंकवाचं एक बोट. मला तीन महिन्यांत सुचलं नाही, कारण मी सुचवून घेतलंच नाही. चौकट भरलेली असली की दार का बंद आहे ते कोण विचारतं?

मग ताईंनी स्वतःचा काटा अडकवला. झोळीत आरू. आता पदर नव्हता, आता मी तिला सगळी बघितली. फासळ्या मोजता येत होत्या. काटा पाच किलो आठशेवर थांबला.

सुनंदाताईंनी फॉर्म बघितला. मग माझ्याकडं. "शालन, मागच्या महिन्यात सहा नऊशे?"

सांगायची वेळ तीच होती. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मी म्हणाले, "ताई, काट्यातच गडबड आहे. तीन महिन्यांपासून शून्यावर येत नव्हता. मी स्क्रू फिरवून आणायची... भीतीनं बोलले नाही."

हे माझं पाप. आकडे खोटे लिहिले ते एक. पण हे वाक्य मोठं — सगळं मी आयत्या वेळी, लेकरू झोळीत लटकत असताना, निर्जीव काट्यावर ढकललं. आणि तो काटा एकदम खरा होता.

तेव्हा कुणाला वेळ नव्हता. ताईंनी तासाभरात गाडी बोलावली, आरूला आणि पूजाला घेऊन धाराशिवला गेल्या. आजीसुद्धा चढली गाडीत, "मी बी येती" म्हणत. पंधरा-सोळा दिवस ठेवलं तिथं. दर दोन तासांनी दूध, औषध, उबेला आईच्या छातीशी. पूजा फोनवर सांगायची, आज पन्नास ग्रॅम वाढलं. आज सत्तर. मी ऐकायची आणि मोरीत जाऊन रडायची. आरू परत आली तेव्हा गालाला लावलेली तीट दिसण्याइतके गाल तिला आले होते. ती वाचली, ती सुनंदाताईंनी ते घर निवडलं म्हणून. माझ्यामुळं नाही.

पुढं धाराशिवच्या ऑफिसात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं. काटा तीन महिने बिघडलेला, तर रजिस्टरात रोज 'बरोबर' कसं? सुनंदाताई उभ्या राहिल्या. "सर, तिनं भीतीनं लिहिलं. पण तपासून सही मी केलीय. जबाबदारी माझी."

माझ्या काट्यावरची त्या तीन महिन्यांची सगळी वजनं अभ्यासातून काढली. सगळ्या लेकरांची. खरी होती ती! भर उन्हात, झोळी धरून, रडत्या लेकरांना खुळखुळा वाजवत घेतलेली. आणि ताईंना गावात फिरायच्या कामावरून काढून ऑफिसात कागद तपासायला बसवलं. ज्या बाईला शंभर घरांतली लेकरं नावानं माहीत, ती भिंतीकडं तोंड करून बसली. मला रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "घाबरू नकोस, काटा बिघडतो कधी कधी." मी तेव्हाही खरं सांगितलं नाही.

तो अभ्यास संपला, ताई मात्र त्याच ऑफिसात कागदांपुढं राहिल्या. नवऱ्याला हैदराबादला काम मिळालं. निघताना ताईंनी चिठ्ठी दिली. त्यात लिहिलंय — शालन वजन अतिशय काळजीपूर्वक घेते. त्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली. ते वाक्य खोटं राहू नये म्हणून मी इथं रोज सकाळी वॉर्डातल्या काट्याला माप लावून बघते, दुपारी परत बघते. इथल्या सिस्टर हसतात. "शालनम्मा, कित्ते बार देखते जी? भाग जाता क्या काटा?" हसू देत. एखाद्या लेकराला मोजता आलं नाही तर मी मोठ्या अक्षरात लिहिते — मोजलं नाही. का मोजलं नाही, तेही लिहिते. परवा अशाच एका मोकळ्या चौकटीवरून डॉक्टरांनी विचारपूस केली आणि एका बाळाचं दुखणं वेळेत सापडलं. तेव्हा मला ताई दिसल्या.

आरू आता पहिलीत आहे. पूजानं फोटो पाठवला होता, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. आजी शेजारी उभी. फोटोखाली पूजानं लिहिलंय, 'वजनवाल्या ताईला नमस्कार.' त्या नमस्काराला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि एक गोष्ट माझ्याकडं आहे. ती अंगणातली छोटी वही. पेटीच्या तळाशी, लग्नातल्या साडीखाली. तिच्यात रोजच्या सकाळचं माप लिहिलंय — दोन किलो, बरोबर. त्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक लेकराचं वजन आहे. फक्त आरूच्या ओळीत आकडा नाही. तिथं तीनदा लिहिलंय, 'मोजू दिलं नाही.' घरी येऊन फॉर्मवर खोटं लिहिणारा हात अंगणात खरं लिहून मोकळा झाला होता. ती वही मी जाळायला निघाले होते एकदा. जाळली नाही. काढून टाकलेली वजनं तिच्यावरून परत घेता येतील का, मला माहीत नाही. तेवढं माझं शिक्षण नाही. पण सही करणारीनं नीट तपासलं होतं, एवढं तर तिच्यावरून कुणालाही वाचता येईल.

ताई, एक दिवस मी धाराशिवला उतरेन. वही घेऊन. तुमच्या टेबलावर ठेवेन, आणि मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन, सगळ्यांसमोर, तुमच्या सहीवर बोट ठेवून सांगेन — काटा बरोबर होता.