काठच्या विहिरी आणि सासूबाईंचं शिळं पाणी

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि गार्डन रीच भागाच्या पुढच्या एका वसाहतीत पाणीपुरवठ्याचं काम मला मिळालं. राहायला घरही तिथेच. तिथे पाणी थेट गंगेतून, म्हणजे हुगळीतून, उचलत नाहीत. काठावर विहिरी आहेत. नदीचं पाणी वाळूतून झिरपत त्यांत येतं. वाळूइतकी गुणी गाळणी मी पाहिली नाही, फक्त तिला घाई चालत नाही. वसाहत वाढली, पंप दिवसभर चालू लागले आणि नदीऐवजी जमिनीच्या बाजूचं, लोह असलेलं पाणी विहिरींत ओढलं जाऊ लागलं. पुढच्या तपासणीत लोह उतरलं नाही तर विहिरी बंद, असं वसाहतीच्या समितीने ठरवलं. माझा जीव टांगणीला लागला.

उपाय साधा होता. नदीचं पाणी सावकाश झिरपावं म्हणून दुपारभर पंप थांबवायचे, लोकांनी पाणी भरून ठेवायचं. पण अडचण माझ्याच स्वयंपाकघरात होती! सासूबाई रोज सकाळी कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देत आणि हंडा घासून ताजं भरत. तळाशी तांबूस गाळ दिसला की त्यांची खात्रीच पटे. त्यांचं बघून शेजारच्या बंगाली काकूही तेच करू लागल्या, मग सगळा मजला. भरलेलं पाणी असं ओतलं जाई, मागणी वाढे आणि पंप थांबवता येत नसत.

"आई, लोह खाली बसलं म्हणून तर वरचं पाणी चांगलं. ताज्यात ते असतंच, दिसत नाही एवढंच."

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. मी दार आपटून कामावर गेले.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे वसाहतीतल्या बायका आल्या, समितीच्या अध्यक्षीणबाईसुद्धा. पन्हं झाल्यावर कुणीतरी पाणी मागितलं. सासूबाईंनी हंड्यातलं वरचं पाणी अलगद काढलं, आधी स्वतः प्यायल्या आणि मोडक्या हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कल का पानी है. अब हम यही पीते. बहू का कुआँ को दोपहर में सोने दो."

मी तबक धरून तशीच उभी. जन्मभराचा नेम त्यांनी मोडला होता आणि मला पत्ताही नव्हता.

दुपारी पंप थांबू लागले. तपासणीत लोह उतरलं, विहिरी राहिल्या. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि सणवार नसताना सासूबाईंच्या पाया पडले. आई, तुम्हाला पटलं म्हणून हे झालं, म्हणाले.

"पटलं कुठे? अजून नाही पटलेलं," त्या म्हणाल्या. "पण तू चुकलीस असं परक्यांनी म्हणावं, हे मला ऐकवलं नसतं."