बाबा आजारी, कुत्रा दाराशी

पहिल्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात बाबांना ताप आला, तेव्हा अंधेरीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिघं राहत होतो. बाबा, मी आणि बाबांचा कुत्रा. आई गेल्यावर बाबांनीच त्याला नाक्यावरच्या टपरीमागून उचलून आणलं होतं. तांबूस, साधा गावठी. बाबा टीव्ही बघायला बसले की तो त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेवून पडायचा आणि बाबा पाय अवघडले तरी हलवायचे नाहीत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तशी मी आधी बाबांच्या डॉक्टरांना आणि मग कुत्र्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कुत्र्यामुळे हा रोग माणसांत पसरतोय असं काही दिसलेलं नाही," ते म्हणाले. "पण आजारी माणसाकडून त्याला लागू शकतो. बाबांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. चाटणं नको, शेजारी झोपणं नको. आणि त्याच्या अंगाला सॅनिटायझर अजिबात लावू नका. चाटतात ना ते, पोटात जातं. पाय धुवायचे तर पाणी आणि साबण, बस."

बाबा आतल्या खोलीत गेले आणि मी दार लावून घेतलं. कुत्रा दाराशी बसला. पंज्यानं दार खरवडायचा, कुंई कुंई करायचा. आतून बाबा खोकत खोकत त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "जा रे, हयसर नको बसू." आवाज ऐकला की तो जास्तच खरवडायचा. मी दाराला कान लावून बाबांचा श्वास ऐकायचे. कुत्रा शिंकला तरी मी त्याचं नाक तपासायचे.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज फिरत होते. कुत्र्यांच्या केसांतून रोग येतो म्हणे. कुणीतरी लिहिलं, ज्यांनी पाळलेत त्यांनी बाहेर सोडून यावं. शेजारच्या गल्लीत गळ्यात पट्टा असलेला एक पांढरा कुत्रा एकटाच फिरत होता. मी खिडकीतून त्याला बघायचे आणि मला वाटायचं, उद्या मलाही हॉस्पिटलात नेलं तर आमच्या कुत्र्याला कोण बघणार?

बाबांचा ऑक्सिजन उतरला आणि ॲम्ब्युलन्स आली. बाबा खोलीतून बाहेर आले तेव्हा कुत्रा मी बाल्कनीत कोंडला होता. काचेपलीकडून तो उड्या मारत होता. बाबा क्षणभर थांबले. काचेजवळ मात्र गेले नाहीत.

"माका काय होवचा ता होवदे," ते म्हणाले. "तेका काय होवक नाय होया."

पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्यांना धरून खाली नेलं. आमच्या दारावर कागद चिकटला. मी बाहेर पडायचं नाही.

आमचा कुत्रा घरात घाण करत नाही. मी मोरीत वर्तमानपत्र अंथरलं, बाल्कनीत माती आणून टाकावी तर माती आणणार कोण? तो दाराशी उभा राहून थरथरायचा, पण करायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा फोन आला. त्यांचं माहेर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं, घरचा मासळीचा धंदा. आमचा कुत्रा जिन्यात दिसला की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या.

"काय गं, वरून रडण्याचा आवाज येतोय. खाली कोण नेतं त्याला?"

"कोणी नाही, ताई."

"मग मी नेते. लांब दोरी बांध."

"पण तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटते ना! कुत्र्याची पण वाटते आणि या रोगाची पण. आता काय करू, ऐकवत नाही. बांध दोरी."

दोरी साबणाच्या पाण्यात धुवून मी उन्हात वाळवली. कुत्र्याला बांधून तिचं टोक बाहेर कडीला अडकवायचं, दार लोटून आत जायचं, मग ताई मास्क आणि हातमोजे घालून येणार, असं ठरलं. आल्यावर मी त्याचे पाय धुवायचे. असे काही दिवस निभावले.

मग एका सकाळी खालून ताईंचा ओरडा ऐकू आला. "अहो, जनावर आहे ते! काय करताय?"

जिना फवारायला पंपवाला आला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला सांगितलं, हा पॉझिटिव्ह घरातला आहे, याच्यावरही मार. ताई कुत्र्याला ओढत वर घेऊन आल्या तेव्हा त्याचं पोट, पाय सगळं ओलं होतं आणि ब्लीचचा वास नाकात झोंबत होता. तो पंजे चाटत होता. तोंडातून लाळ गळत होती.

कुत्र्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून मी फोन नळावर टेकवला. "भरपूर पाणी घाला, थांबू नका. उलटी करायला लावू नका. थोडं पाणी प्यायला द्या." मी मोरीत बसून पाणी ओतत होते. तो माझ्या मांडीवर लटपटत उभा. आपोआपच एकदा उलटी झाली आणि मला वाटलं, गेला हा. बाबांना काय तोंड दाखवू?

तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. ओल्या हातानं तो उचलायची माझी हिंमत होईना. उचलला. सिस्टर म्हणाल्या, "तुमचे वडील ऑक्सिजनचा मास्क काढून काहीतरी विचारतायत. जरा समजवा त्यांना."

मग बाबांचा आवाज, दमलेला. "जेवलो काय तो?"

"जेवला, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही मास्क लावा."

फोन ठेवल्यावर मला हुंदका आवरला नाही. बाहेर, बंद दारापलीकडे, ताई अजून जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. "कसा आहे गं?" मध्ये मध्ये विचारत होत्या. त्याचे पंजे लाल झाले होते, जिभेवर फोड आला होता, पण संध्याकाळी त्यानं दहीभाताचा एक घास घेतला. मी ओरडूनच सांगितलं. मगच ताई खाली गेल्या.

सेक्रेटरींशी मी नंतर भांडले. ते नजर खाली घालून एवढंच म्हणाले, "घरात माझी म्हातारी आई आहे. डोकं चालत नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते. माझंही त्या दिवसांत कुठे चालत होतं?

बाबा परत आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस मी त्यांना आणि कुत्र्याला वेगळंच ठेवलं. शेवटी एकदा दार उघडलं तर कुत्रा मागे सरकून गुरगुरायला लागला. बाबांच्या अंगाला औषधांचा वास, चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. त्यानं ओळखलंच नाही.

बाबा काठी टेकत जमिनीवर बसले. बसताना त्यांना धाप लागली. "अरे, मी रे," ते हळूच म्हणाले.

कुत्र्यानं मान वाकडी केली. लांबूनच हवा हुंगत तो एकेक पाऊल पुढे आला आणि मग बाबांच्या कुशीत एवढ्या जोरात घुसला की बाबा मागे कलंडले. मी धावले, पण ते हसत होते.