भगोडी

"भगोडी आहे ही," बाबा म्हणाले. "नवऱ्याचं घर सोडून पळून आली."

दसऱ्याचा दिवस. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं घर. पाटावर तलवार, तिला झेंडूची माळ. समोर काका, आत्या, त्यांची मुलं, शेजारचे दोघे-तिघे. सगळ्यांच्या देखत बाबा असं बोलले आणि मग माझ्याकडे वळले. "जा, ताट तयार कर. जावई आले का ओवाळ त्यायले. अन् संध्याकाळी गुपचूप त्यायच्यासंग जाय."

फौजेतून जो पळून जातो त्याला भगोडा म्हणतात. मी फौजेत नव्हते. मी लग्न होऊन चौबे कॉलोनीत गेले होते आणि श्रावणात तिथून अंगावरच्या साडीनिशी रिक्षात बसून माहेरी आले होते. तरी मी भगोडी. आत्यानं मान हलवली, जणू काही बरोबरच आहे. मला दरदरून घाम फुटला. बाबांच्या बोलण्यानं नाही. तो यायला निघाला होता म्हणून.

आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं, हे बाबा कुणालाही ऐकवायचे. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्यालाही. दर पिढीत एक मुलगा फौजेत द्यायचा, हा घरचा कायदा. आजोबा गेले होते. बाबांना चष्म्यामुळे घेतलं नाही, ते जन्मभर सरकारी कचेरीत कारकून राहिले. मग पाळी दादाची आली. दादाला कुणी विचारलं नाही. माझा थोरला भाऊ भित्रा होता. दिवाळीत कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचा. चष्मा असणं चालत होतं, भीती असणं चालत नव्हतं. आमच्या घरात 'मला भीती वाटते' असं म्हणणं म्हणजे देवघरात थुंकण्यासारखं.

राज्य नवीन झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून जिकडेतिकडे रस्ते खोदून ठेवले होते. त्या खोदकामाच्या कडेनं पहाटे दादा पळायचा. एकट्याला कुत्र्यांची भीती, म्हणून सोबत मी. मी त्याच्या पुढे निघून जायचे, मग थांबून त्याची वाट बघायचे. बाबा फाटकात उभे असत. "लाज वाटू दे जराशी. पोट्टी पुढं चालली." हे दादाला. मला कधी एक शब्द नाही. माझं पळणं हे दादाला मारायची काठी होतं, बस.

भरतीच्या दिवशी मीही मैदानापर्यंत गेले. दादा पळता पळता मध्येच खाली बसला. ओकला. मग तोंड झाकून रडला. माझे पाय नुसते शिवशिवत होते. कठड्याशी वर्दीतला एक माणूस उभा होता, त्याला मी विचारलं, "लड़कियों को नहीं लेते क्या?"

माणूस वाईट नव्हता. हसला. "जवानों में लड़कियों की भर्ती नहीं होती, बेटी. तुम फौजी की बीवी बन जाना."

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी दादाला तलवारीला हात लावू दिला नाही. बायकांच्या रांगेकडे बोट दाखवलं. "तिथं उभा राहाय. तुही जागा तिथं." दादा आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे. बायकांची रांग ही शिक्षा असेल तर आम्ही बायका जन्मापासून कसली शिक्षा भोगतोय, हे तेव्हा माझ्या मनात आलं. मनातच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न लावलं. फौजीशी. मंडपात बाबा पाहुण्यांना सांगत फिरत होते, "पोट्ट्यानं नाही केलं ते पोट्टीनं केलं. या घरातून गेलंच एक जण फौजेत." लोक हसले. मीही हसले. दादाच्या जागी माझी भरती झाली होती, हे कळायला मला वेळ लागला.

लोकांच्या बायका नवऱ्याच्या रजेची वाट बघतात. मी रजेला भ्यायचे. फोन आला की सासूबाई पेढे आणायला सांगायच्या आणि मी चादरी झटकायला घ्यायचे. सकाळी उठल्या उठल्या तो पलंगावरची चादर बघायचा. चादरीला सुरकुती दिसली की शिक्षा. पाण्याची बादली दोन्ही हातांनी पुढे सरळ धरून गच्चीवर उभं राहायचं. भर उन्हात. तो पुरे म्हणेपर्यंत. कोपर वाकलं, हात खाली आले, की बूट.

शेजारच्या गच्चीवरून दिसायचं सगळं. एकदा तिथली बाई पापड वाळत घालता घालता म्हणाली, "फौजी का घर है दीदी, डिसिप्लिन तो रहेगा." रजा संपून तो गेला तरी मी चादर ओढत बसायचे. झोपायचे खाली, चटईवर. पलंगावर आडवं व्हायची छाती होत नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात पुन्हा फोन आला. रजा मंजूर झाली होती. सासूबाई पेढे आणायला गेल्या, मी चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली.

तर दसरा. तो दसऱ्याची रजा काढून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट दाराशी नीट जोडीनं काढलेले. बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला टिळा लावला आणि घरची तलवार त्याच्या हातात दिली. दादा भिंतीला टेकून बघत होता.

मी ताट घेतलं आणि पुढे झाले. तेव्हा ते झालं. माझे हात आपोआप सरळ झाले. कोपरं ताठ. गच्चीवर व्हायचे तसेच. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं आणि ओळखलं. गालात हसला. मी जवळ गेले तेव्हा ओठ न हलवता माझ्यापुरतं बोलला.

"घरी चल. बादली भरून ठेवली आहे."

मी ओवाळलं असतं तर संध्याकाळी माझी पिशवी दारात आली असती आणि अख्ख्या घरानं हसतमुखानं मला रिक्षात बसवलं असतं. एवढं मला स्वच्छ दिसत होतं. त्यापलीकडे काही सुचत नव्हतं. मग मी तेच केलं जे लहान पोर करतं. ऐकलं ते बोलून दाखवलं. मोठ्यानं.

"हे म्हणून राहिले, घरी चल, बादली भरून ठेवली आहे."

काकांनी विचारलं, "कायची बादली?"

मी सांगितलं. ताट तसंच समोर धरून. चादर सांगितली, गच्ची सांगितली, बूट सांगितले. बोबडी वळत होती, नाक वाहत होतं, शब्द मागेपुढे होत होते. धीरबीर काही नव्हता. मी इतकी घाबरले होते की थांबणं जमत नव्हतं. सांगून झालं तेव्हा ताट खाली ठेवलं.

"मी नाही ओवाळत. मले भेव वाटते याचं."

"मजाक करून राहिली," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. तलवार अजून त्याच्याच हातात.

बाबा उठले. "फौजीच्या बायकोनं भ्यायचं नसते."

"बाबा, तुम्ही दादाले विचारलं नाही, मले बी विचारलं नाही. तो भ्याला तं मले पाठवलं. आता मी भ्याली. आता कोणाले पाठवता?"

दादा भिंतीपासून निघाला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याहून जास्त कापत होता. आईनं खाली वाकून ताट उचललं. मला वाटलं, आता ती ओवाळणार. तिनं ते देवघरात नेऊन ठेवलं आणि बाहेर आलीच नाही.

त्या संध्याकाळी तो एकटाच गेला. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी समता कॉलोनीत खोली घेतली आहे, तिथल्याच एका दवाखान्यात पेशंटना नंबर देते. घटस्फोटाचा अर्ज केला आहे. कोर्टाच्या पहिल्या तारखेला तो वर्दी घालून आला. घरच्या भांडणाच्या केसला वर्दीचं काय काम? पण व्हरांड्यातल्या बाकावरची माणसं उठली, त्याला जागा झाली. आणि त्यांच्याबरोबर मीही उठले. सवयीनं. ते आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो. समेट घडवणाऱ्या बाईंनी मला समजावलं, "ये देश के लिए खड़े रहते हैं. आप घर के लिए थोड़ा झुक नहीं सकतीं?"

मुलगा म्हणून दादानं भ्यायचं नाही. मुलगी म्हणून मी परत यायचं नाही. मैदानात मला घेणार नाहीत आणि लग्नातून मला सोडणार नाहीत. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण ठरवताना आम्हा दोघांना कुणी बोलावलं नव्हतं.

पुढची तारीख जवळ आली आहे. तो वर्दीतच येईल. लोक उठतील. मी घाबरेन, आत्ताही घाबरलेय. भीती जाईल असं मला कुणी सांगू नये. कुणी विचारलं तर म्हणेन, हो, मी पळून आले. पुढे काय होणार ते ठाऊक होतं, म्हणून पळून आले. परत धाडलंत तर परत पळेन.

तो व्हरांड्यात येईल तेव्हा मी बाकावर बसलेली असेन. मी उठणार नाही.