पेणकरांची रोजची दोन मिनिटं

गुरुवार, सकाळचे सहा चाळीस. पनवेलमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एझरा पेणकर, वय अडुसष्ट, आपल्या अकरा वर्षांच्या गाडीच्या टायरमधली हवा मोजत आहेत. चावी खिशात आहे. गेल्या महिन्यापर्यंत या वेळी इंजिन सुरू असायचं. बरोबर दोन मिनिटं, मग बंद. निवृत्तीनंतर गाडी क्वचितच बाहेर पडे. रोज अशी सुरू केली की ती ठीक राहते, असं ते शेजाऱ्यांनाही सांगत.

गॅरेजवाल्या काशिराम यांनी त्यांना दोनदा बजावलं होतं. हे बंद करा, आठवड्यातून एकदा शिरढोणपर्यंत फिरवून आणा, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतोय तर स्पार्क प्लग बदलून घ्या. दिवा आठ महिने तसाच होता.

मग गाडी चढ घेईना. काशिराम यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, उतरवून दाखवला. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी निम्मी नाहीशी झाली होती. या जाळीवर मौल्यवान धातूचा मुलामा असतो आणि ती चोरीला जाते, हे पेणकरांनी वाचलं होतं. त्यांनी डबा परत बसवून घेतला. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: काशिरामकडे गाडी देताना सांभाळा, आतलं सामान काढून घेतात. तीन घरांनी गॅरेज बदललं.

पेणकर गाडी घेऊन कामोठ्याला गेले. तिथे नवा डबा बसवताना मागचा सायलेन्सर कापला, तेव्हा खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर जाळीचे वितळलेले तुकडे पडले. चोरी नव्हतीच. जाळी का वितळली, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पेणकरांनी एकतीस वर्षं रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, तापल्याशिवाय काम करत नाही, हे ते नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत. दोन मिनिटांत डबा तापत नव्हता, नुसती काजळी साचत होती. गाडी कधी बाहेर निघालीच, तर खराब प्लगमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच डब्यात पेटत होतं आणि जाळी वितळत होती.

“तुमच्या ज्युनिअरनं हे केलं असतं, तर मेमो दिला असता तुम्ही,” त्यांच्या पत्नी रिवका म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर चूक कबूल केली. सात अंगठे आले. सोडून गेलेल्या तीन घरांपैकी कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर माफी मागितली. काशिराम एका गाडीखाली होते. ते बाहेर आले नाहीत.

“पोरीनं दाखवलं मला, तुमी लिवलेलं,” ते खालूनच म्हणाले. “पयलं लिवलेलं पन तिनंच दाखवलं व्हतं. तुमच्याच बिल्डिंगीत शिकवनीला येते ती.”

 मग काशिराम यांनी प्लग बदलला का, एवढंच विचारलं.

“बदलला.”

“मग शिरढोनला नेत जा.”

ती मुलगी, प्रांजल, त्यानंतर एकदा पेणकरांना जिन्यात भेटली. ती बाजूला झाली आणि त्यांना वाट दिली.

हवा बरोबर आहे. शनिवारी शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस; तेव्हा पेणकर गाडी चालवत नाहीत, म्हणून फेरीचा वार शुक्रवार ठरला आहे. प्रांजलची शिकवणी सकाळी साडेसातला सुरू होते. उद्या पेणकर सात वाजताच, ती यायच्या आत, शिरढोणला निघतील.