दारातली फळी

गडमुडशिंगीत प्रभुलिंगच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, तीही चार इंची. त्यांच्याकडं भांडं पडलं तर माझ्या पोळपाटाला कळायचं. मी तिथल्याच शाळेत शिकवायचे, म्हणून दोघं नवरा-बायको मला ‘बाई’ म्हणत.

प्रभुलिंग फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करायचं त्याचं काम. सुताचा फरक त्याला चालायचा नाही. बोलणं कमी, हात मात्र सतत चाललेला. बायको महानंदा गडहिंग्लजकडची, मोकळी, मोठ्यानं हसणारी. हे मी ९३ सालच्या आधीचं सांगते आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांचा सूरज सव्वा वर्षाचा होता. बापानं केलेला पांगुळगाडा ढकलत तो आमच्या दारापर्यंत यायचा आणि गाडा आपटून मला हाक मारायचा. एका सोमवारी दुपारी महानंदाची किंकाळी ऐकून मी धावले. मोरीच्या दाराआड एक थंड पेयाची काचेची बाटली आडवी पडली होती. पोराच्या तोंडाला, सदऱ्याला रॉकेलचा वास. तो खोकत होता आणि ओठ निळसर दिसत होते.

मला वाटलं, पोटातलं बाहेर पडलं पाहिजे. मीच मिठाचं पाणी करून त्याला पाजलं. तो भडाभडा ओकला आणि त्यानंतर त्याचा श्वास घरघरायला लागला. रिक्षा करून कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, “ह्याला उलटी कुणी करवली? रॉकेल प्यायल्यावर उलटी करवायची नसते. ते छातीत जातं.”

मी महानंदाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तीच म्हणाली, “मी.”

मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी सूरज गेला.

घरात रॉकेल हाताळायची ती महानंदा. स्टोव्ह तिचा, कॅन तिचा. त्यामुळं बाटली कुणी ठेवली हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सासू मल्लव्वा दिवसकार्याला गावाहून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आई हाय का कोण हाय ही? पोराच्या हाताला येईल असं रॉकेल ठेवती!” नणंद बोलली, गल्लीतल्या बायका बोलल्या. मीसुद्धा एकदा बोलून गेले, “महानंदा, बाटली वर ठेवायची होतीस गं.” ती मान खाली घालून ऐकायची. प्रभुलिंग कोपऱ्यात बसून असायचा. तिचं ते मोठ्यानं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

९६ च्या नोव्हेंबरात शांभवी झाली. पोरगी दहा महिन्यांची होऊन रांगत सुटली आणि प्रभुलिंगला जणू भूत लागलं. कामावरून आला की पट्टी, पेन्सिल, करवत. आधी त्यानं विजेची सगळी बटणं उपटून खांद्याच्या उंचीवर बसवली. टेबलाचे कोपरे कानशीनं गोल घासून त्यांवर सायकलची ट्यूब चढवली. खाटेचे पाय कापून ती वीतभर उंचीवर आणली. दाराच्या खालच्या कड्या काढल्या. घरात बादली कधी भरून ठेवायची नाही, ती पालथीच.

तरी पोरगी त्याला पुरून उरायची. एकदा तिनं हरभरा नाकात घातला. तो आत फुगून बसला, डॉक्टरकडं जाऊन काढावा लागला. कपाटाला कुलूप घातलं, तर तिनं किल्ली पिठाच्या डब्यात टाकली आणि दोन दिवस सगळ्यांनी घर पालथं घातलं. एक दिवस चटणीच्या बरणीत हात बुडवून तोच डोळ्यांना लावला. दर वेळी प्रभुलिंग नवीन काहीतरी ठोकायचा. एकदा मी हसत म्हटलं, “अहो, पोरगीय ती, कोंबडी नव्हे.” तो हसला नाही. म्हणाला, “बाई, कुठनं काय येईल सांगता येत न्हाई.”

शेवटी त्यानं स्वयंपाकघराच्या दारात फळी बसवली. गुडघ्याच्या वर येणारी, सागवानी, दोन्ही चौकटींना खाच पाडून त्यात वरून सरकवायची. हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. पोरगी इकडं, गॅस आणि सुरी तिकडं. उन्हाळ्यात फळी एका हातानं वर ओढून काढता यायची. पाऊस लागल्यावर लाकूड फुगलं आणि ती खाचेत घट्ट बसली. महानंदा दिवसातनं पन्नास वेळा साडी वर धरून ती ओलांडायची.

“काढा की ती फळी,” ती म्हणायची. भिंतीतनं मला ऐकू यायचं. “कवातरी पाय अडकून पडीन मी.”

“पोरगी आत जाईल.”

“मग मी बघीन की तिच्याकडं!”

“तू बघशील?” तो एवढंच म्हणायचा.

९८ च्या ऑगस्टमध्ये झडीचा पाऊस होता. अंगणातला बंब पेटत नव्हता, म्हणून महानंदा आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायची. सकाळी पातेलं फडक्यात धरून ती मोरीकडं निघाली. फळीपलीकडं शांभवी दोन्ही हातांनी फळी धरून, वर बघत, आईची वाट बघत उभी. महानंदानं एक पाय टाकला. दुसऱ्या पायाला साडीचा काठ अडकला. तोल जातोय हे कळल्यावर तिनं पातेलं पुढं जाऊ दिलं नाही, अंगावर ओढून घेतलं आणि मागं पडली. हे तिनं मला नंतर सांगितलं.

मी पोचले तेव्हा प्रभुलिंग अर्धी दाढी झालेल्या तोंडानं फळीवर लाथा घालत होता. फळी हलत नव्हती. मग तो वरून उडी टाकून आत गेला. महानंदाच्या मांड्यांपासून पावलांपर्यंत कातडं सुटलं होतं. शांभवीच्या दंडावर थेंब उडाले होते, तेवढंच. कुणीतरी टूथपेस्ट आणली, कुणी डोशाचं पीठ. मी कुणाला हात लावू दिला नाही. पिंपातलं गार पाणी तांब्या तांब्यानं तिच्या पायांवर ओतत राहिले. एवढं मी सूरजनंतर एका नर्सला विचारून ठेवलं होतं.

दवाखान्यात ती पावणेदोन महिने होती. पहिल्या आठवड्यात तिचे वडील अण्णाप्पा गावाकडनं आले. साधा माणूस, पण लेकीच्या काळजीनं तोंड सुटलं. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, “एक पोरगं तुझ्या हातनं गेलं. आता हीबी गेली असती की गं! कवा शाणी हुनार तू?”

मी डबा घेऊन गेले होते. प्रभुलिंग पायथ्याशी बसला होता. तो उठून उभा राहिला.

“मामा, तिला बोलू नका. ती बाटली माझी हुती.”

अण्णाप्पांना कळलंच नाही. “कसली बाटली?”

“रॉकेलची. रविवारी सूरजचा गाडा रंगवला. ब्रश धुवायला बाटलीत रॉकेल घेतलं, आन् तशीच मोरीच्या दाराआड ठेवली. तिला काय म्हायती नव्हतं.”

महानंदा डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता. “पाच वर्षं मी रोज आठवायचे. कॅनमधनं कवा वतलं, बाटलीत कशाला वतलं. आठवायचंच न्हाई. मला वाटायचं, माझं डोस्कंच बिघडलंय. मी काय करती ते मलाच कळत न्हाई.” थोडा दम घेऊन ती म्हणाली, “तुम्ही समोर बसून जेवत हुतासा.”

अण्णाप्पा खाली बसले, दोन्ही हातांनी डोकं धरून.

दवाखान्यातून सोडल्यावर ती मुडशिंगीला आली नाही. शांभवीला घेऊन वडिलांबरोबर गाडीत बसली. जाताना नवऱ्याला एकच सांगितलं, “ज्यांनी ज्यांनी मला बोलून दावलं, त्यांच्या दारात जाऊन सांगा. मग बघू.”

तो खरंच गेला. सुट्टीच्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून, एकेका घरी. गल्लीतल्या बायकांनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. बहिणीकडं इचलकरंजीला गेला, तिनं चहा दिला नाही. मल्लव्वांनी तर ऐकूनच घेतलं नाही. “बायकुला झाकायला खोटं बोलतोस,” म्हणाल्या. तो चार वेळा त्यांच्याकडं गेला. चौथ्या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

माझ्याकडं तो सगळ्यात शेवटी आला. दारातच उभा राहिला.

“बाई, तुम्हाला दवाखान्यात कळलंच हाय. पण तुम्हीबी तिला एकदा बोलला हुतासा. म्हणून आलो.”

मी म्हटलं, “प्रभुलिंग, मिठाचं पाणी मी पाजलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. सूरज कदाचित वाचला असता, हा विचार त्याच्या तोंडावरून जाताना मला दिसला. मग म्हणाला, “तुम्ही वाचवायला दिलं.”

“पण गप्प बसले ते स्वतःला वाचवायला.”

तो पायऱ्या उतरून गेला. पुढच्या रविवारी मीही गडहिंग्लजची गाडी धरली आणि अण्णाप्पांच्या घरी पुढच्या सोप्यात बसून, महानंदासमोर, तिच्या आईवडिलांना ते सांगितलं. महानंदा म्हणाली, “बाई, तुम्ही आला ते बरं झालं.” त्यापलीकडं काही नाही. चहा मात्र स्वतः उठून केला, भिंतीला धरत धरत.

९९ च्या फेब्रुवारीत ती परत आली. मी सामान उतरवायला गेले तर मला बाजूला घेऊन म्हणाली, “आले म्हणून माफ केलं असं न्हाई. पोरीला बाप पायजे.”

तिचे गुडघे पुन्हा नीट वाकले नाहीत. खाली बसून धुणं, फरशी पुसणं तिला होत नाही. ते प्रभुलिंग करायला लागला, पहिल्या पाळीला जायच्या आधी, धुणं तर मागच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असं. गल्लीतले बाप्ये सुरुवातीला हसले, नावं ठेवली, नंतर सवय झाली. आता २००७ चालू आहे. शांभवी पाचवीत, माझ्याच वर्गात आहे. मघाशी मी वाळवणाला अंगणात गेले तेव्हा पलीकडं प्रभुलिंग चादर पिळत होता आणि महानंदा खुर्चीत बसून दुसरं टोक धरून होती. पाणी निथळेपर्यंत तिनं टोक सोडलं नाही.